बेचाळीस ओळी

स्वातीचं बोट बटणावर होतं आणि दाबायचं काही धाडस होत नव्हतं. पलीकडच्याच खुर्चीत ऑफिसातले सगळ्यात जुने दिगंबरकाका चहात बिस्किट बुडवत बसले होते. बटण दाबलं की तिने खोडलेल्या बेचाळीस ओळी मंजुरीसाठी त्यांच्याच पडद्यावर जाणार होत्या. आणि त्या बेचाळीसच्या बेचाळीस काकांच्या हातच्या!

ओळी होत्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरला ते कार्ड चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्राममधल्या. काकांनी त्या वीस वर्षांपूर्वी लिहिल्या. लॅपटॉप मिटला की कार्डाची वीज तोडायची, उघडला की पुन्हा द्यायची. तेव्हा ज्या त्या ड्रायव्हरने आपापलं बघायचं होतं. गेली चार वर्षं मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच सगळ्या कार्डांना झोपवते आणि उठवते. काकांच्या ओळी मागाहून येऊन झोपलेल्या बाळाला उगाच थोपटत बसायच्या. त्यांनी नुकसान काही होत नव्हतं, पण उपयोगही कवडीचा नव्हता. स्वातीने त्या काढून लॅपटॉप तीनशे वेळा मिटला, तीनशे वेळा उघडला. एकदाही कुरकुर नाही.

पण दिगंबर सरांच्या ओळीला हात लावायचा नाही, ही त्या ऑफिसची रीतच होती. त्यात उद्या शुक्रवार, काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस.

"सोमवारी पाठव गं," शेजारची रेणू कुजबुजली. "जाता जाता बुढ्याचं दिल कायकू तोडायचं?"

खरंच होतं की ते. विद्यानगरची ही पोर, स्वाती, नोकरीच्या पहिल्या दिवशी घाबरून रडकुंडीला आली होती, तेव्हा याच माणसाने शेजारी बसवून तिला एकेक ओळ वाचायला शिकवलं. नारायणगुड्याच्या घरून काकांच्या पत्नी इंदुमतीकाकू डब्यात तिच्या वाटणीचं वेगळं काढून देत. आज दुपारीच तिने त्यांची अंबाडीची चटणी बोटं चाटून खाल्ली होती. आणि आता त्याच घरच्या माणसाचं लिहिलेलं पुसायचं? जीव तुटत होता बिचारीचा. पण सोमवारी, ही खुर्ची रिकामी झाल्यावर? छे, ते तर त्याहून वाईट! तिने डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

काकांच्या पडद्यावर खोडलेल्या ओळी लाल होऊन उमटल्या. त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं. सावकाश, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, सगळ्या वाचल्या. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचल्या. स्वाती उठून त्यांच्या खुर्चीशी उभी होती.

"सोमवारी पाठवलं असतंस तर मला पत्ताही लागला नसता," ते म्हणाले.

"म्हणूनच आज पाठवलं, काका." ती म्हणाली. "तुमच्या माघारी पुसलं असतं तर ती चोरी झाली असती."

काकांनी मंजुरीचं बटण दाबलं, आणि बेचाळीस ओळी गेल्या. मग पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस, बेटा."

त्यांनी स्वतःकडची एक जुनी फाइल उघडली. हा ड्रायव्हर कोणी सांभाळायचा, एवढंच तिच्यात लिहिलेलं होतं. काकांचं नाव खोडलेलं होतं. नव्या नावाची जागा कोरी होती. नाव खोडल्याची तारीख वर होती, चार वर्षांपूर्वीची. त्या कोऱ्या जागेत काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर बघून बघून टाइप केलं: स्वाती.

ती बघतच राहिली. "म्हणजे या ओळी बिनकामाच्या झाल्यात हे तुम्हाला चार वर्षांपासून ठाऊक होतं? मग तुम्हीच का नाही पुसल्या, काका?"

काकांनी बशीतलं बिस्किट तिच्यापुढे केलं.

"मीच पुसल्या असत्या, तर तू कशी सापडली असतीस?"