धडधड

ग्रामसभेत खाडीतले मेलेले मासे दिसताच प्रोजेक्टर तिसऱ्यांदा बंद पडला. पाहणाऱ्यांच्या काळजाची धडधड वाढली की प्रोजेक्टर आपोआप विझलाच पाहिजे आणि ज्याची वाढली त्याच्यावर त्याचा लाल दिवा वळलाच पाहिजे, असा नवा सुरक्षा नियम होता.

"तुमच्याच तब्येतीसाठी आहे हो," कारखान्याचे बेंद्रे साहेब म्हणाले.

ते चित्रीकरण करणारी हिराबाय तांडेल उठली. "राग नंतर. आता सगळ्यांनी सावकाश श्वास घ्या."

दीडशे कोळी सावकाश श्वास घेऊ लागले. प्रोजेक्टर सुरू झाला. काळं पाणी, त्यात सांडपाणी सोडणारा कारखान्याचा पाइप, सगळं त्यांनी न हलता पाहिलं. मग परवानगीच्या कागदावरची बेंद्रेंची सही दिसली आणि पडदा पुन्हा विझला. प्रोजेक्टरचा लाल दिवा बेंद्रेंच्या खुर्चीवर स्थिरावला.

"साहेब, तुम्ही बाहेर बसा," हिराबाय म्हणाली. "आम्हाला शेवटपर्यंत बघायचंय."