अडीच किलोची फळी

एकोणचाळिसावं जर्नलही तसंच निघालं. फळीच्या डाव्या टोकाचा वजनकाटा ५.१ किलो, उजव्याचा ४.९. सबीहानं ते टेबलावर आपटलं. टांगलेल्या फळीवर दहा किलोची वजनं ठेवली तर दोन्ही टोकांचे काटे मिळून दहा दाखवणार, हे पुस्तकातच असतं. हिशेबानं येतात ५.२ आणि ४.८. म्हणजे या दिवट्यांनी शंभर ग्रॅमची चूकसुद्धा एकमेकांची उचलली होती. फळी आतून कुठं किती वाकते त्याच्या आकृत्याही खिडकीच्या काचेवर ठेवून गिरवलेल्या.

तिला किळस आली. अकोल्याहून अमरावतीच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात ती यंदाही तोंडी परीक्षा घ्यायला आली होती, आणि सकाळपासून नुसत्या सह्या करत होती. समोर समोसे, रसमलाई, काजूची बशी. परीक्षकाला इतकं खाऊ घालायचं की त्याचं तोंड उघडूच नये, ही इथली रीत. विषय शिकवणारे वानखडे सर गालात तंबाखूचा खर्रा धरून बसले होते. मधूनच उठायचे आणि प्रयोगशाळेच्या बेसिनात थुंकायचे. चहाचे कपही त्याच बेसिनात पडले होते.

चाळिसावं, शेवटचं जर्नल आकांक्षाचं होतं. ६.४ आणि ६.१. बेरीज साडेबारा.

सबीहाला आधी हसू आलं, मग संताप. हिला धड नक्कलही करता येत नाही. "फळीवर दहा किलो ठेवलेस आणि टोकांना साडेबारानं उचलतेस? उडूनच जायला हवी की तुझी फळी."

आकांक्षा मान खाली घालून उभी राहिली.

"हे अशीच हाय, मॅडम," वानखडे सर म्हणाले. "बाप तिवस्यात भंगार घेते. दोन विषय आधीच राह्यले हिचे. हेबी गेलं तं वर्ष गेलं. पन आपन काय करनार? उडवा."

पास व्हायला पंचवीसपैकी दहा लागायचे. सबीहानं सहा द्यायचे ठरवून पेन उचललं.

"मॅडम," आकांक्षा हळूच म्हणाली, "फळीचं वजन कोनीच धरलं नाई. फळी अडीच किलोची हाय."

पेन थांबलं. दहा आणि अडीच, साडेबारा. फळीचा अर्धा भार इकडे, अर्धा तिकडे. पोरीचं बरोबर होतं. नुसती फळी टांगून काटे आधी शून्यावर आणले असते तर गोष्ट वेगळी, पण तसं एकाही वहीत लिहिलेलं नव्हतं. म्हणजे एकोणचाळीस जणांची फळी बिनवजनाची होती.

"काटे आणि फळी काढा, सर. मी करून बघते."

"कशाले, मॅडम? जेवन थंडं होऊन राह्यलं."

सबीहा उठलीच. मग मोतीराम शिपायाला कपाट उघडावं लागलं. आत एक लाकडी खोका. कारखान्यातून आलेले खिळे तसेच, पत्र्याच्या पट्ट्या तशाच. वर पालीच्या लेंड्या आणि मेलेली झुरळं. तो खोका आजवर कुणी उघडलेलाच नव्हता.

"मग तू कुठं केलास प्रयोग?"

"घरी. बाबाचे भंगाराचे दोन काटे आढ्याले टांगले न त्याले फळी बांधली. वजनं काकाच्या दुकानातली."

सबीहाचं डोकं फिरलं. "लाज नाही वाटत, सर? ही पोरं उद्या लोकांच्या घरांचे स्लॅब टाकणार. सामान खोक्यात, आणि मार्क वहीत. वर जिनं खरं केलं तिलाच उडवा म्हणता. मी एकोणचाळिसांनाही शून्य देणार आणि विद्यापीठाला लेखी कळवणार."

वानखडे सर चिडले नाहीत. त्यांनी सावकाश रुमालानं तोंड पुसलं.

"लिवा की. पन सगळंच लिवा, मॅडम. खोका दोन हजार पाचात आला. तुमी याच वर्गात होत्या अकरा साली. तुमाले पंचवीसपैकी चोवीस मीच देल्ते, याच आकड्यांवर. शांत पोरगी होती म्हनून तं दरसाली तुमालेच बलावतो."

सबीहाला हॉस्टेलची खिडकी आठवली. काचेवर टेकवलेलं मैत्रिणीचं जर्नल, वर आपला कोरा कागद. त्या वर्षी तिनं या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. आणि गेली दहा वर्षं ती अकोल्यात हाच विषय शिकवत होती. तोंडात रसमलाईची चव अजून होती. ती तिला नकोशी झाली.

ती खुर्चीवर बसली. आकांक्षाच्या नावापुढं पंचवीस लिहून सही केली. बाकीचे एकोणचाळीस रकाने कोरे ठेवले. मग मोतीरामकडून पक्कड मागून घेतली आणि खोक्याचे खिळे उपसले. फळी बाहेर निघाली, काटेही निघाले. दोन्ही हातांत ते धरून ती उभी राहिली. कशात काय अडकवायचं, तिला समजेना.

वानखडे सर बघत होते. दारात पोरं जमली होती. सबीहानं काटे आकांक्षापुढं धरले.

"मले शिकव," ती म्हणाली.