प्रणालीचा इको

पडद्यावरचं हृदय इतकं छान चाललं होतं की डॉ. संध्यांना क्षणभर स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. राजापेठेतल्या त्यांच्या दवाखान्यातला हा दिवसभरातला तेविसावा इको. खांदा भरून आला होता, डोळे चुरचुरत होते.

फाइल प्रणाली नावाच्या मुलीची होती. जन्मतःच हृदयात भोक, फुप्फुसाकडची वाट अरुंद. चौथ्या वर्षी नागपूरला ऑपरेशन झालं, भोकावर ठिगळ बसलं. गेल्या वर्षी मात्र उजवा कप्पा फुगलेला दिसला, त्याचं पंपिंग उतरलेलं. सहा महिन्यांत ये, झडप बसवावी लागेल, असं संध्यांनी बजावलं होतं. पोरगी फिरकली नाही. आज उगवली ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, आणि लग्न ठरलं म्हणाली. अकोल्याच्या पाहुण्यांना पंपिंग चांगलं असल्याचा कागद हवा होता.

आता तो कप्पा चांगला आटोपशीर होता. दुसरीकडे कुठे झडप बसवून आली असेल, असं संध्यांना वाटलं, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. दिवसात एक तरी चांगली बातमी सांगायला मिळावी, एवढीच त्यांची अपेक्षा उरली होती. सवयीने त्यांनी ठिगळ शोधलं. सापडेना. छातीवरचा प्रोब फिरवून पुन्हा पाहिलं. कप्पा एक वेळ लहान होईल, पण शिवलेलं ठिगळ कुठे जाणार?

त्यांनी दिवा लावला आणि पोरीने छातीशी घट्ट धरलेली ओढणी बाजूला केली. छातीवर टाक्यांचा व्रण नव्हता.

"तू कोण?"

"आचल. प्रणालीची लहान बहीण." पोरीने स्कार्फ सोडला. "ताईच्या दोन सोयरिकी मोडल्या मॅडम. ऑपरेशनचं आयकलं का पाहुणे उठून जातात. हे लोक तयार हायेत, फक्त कागद मागून राहिले. तुमी जे पाह्यलं तेच लिहा ना. त्यात खोटं काय हाय?"

संध्यांना रागवायचं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि बाहेर अजून सहा जण बसले होते. पोरीचं म्हणणं एका परीने बरोबरच होतं. दिसलं ते लिहायचं, वर फाइलीतलं नाव टाकायचं. एका मुलीचं लग्न लागेल. हे मनात आलं याची त्यांना लाज वाटली, तरी हात कोऱ्या रिपोर्टकडे गेलाच.

"मग ताई कशाला घरी थांबली?" उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं. "सोबत यायचं होतं तिनं."

"आली ना. खाली ऑटोत बसून हाय," आचल म्हणाली. "तिच्यानं जिना चढनं होत नाही."