बिननावाचं पान

“लिवणाऱ्याचं नाव न्हाई, तारीख न्हाई. असल्या साइटला ना शेंडा ना बुडखा,” समीक्षा म्हणाली आणि तिनं मोबाइल पंचांसमोर ठेवला.

पलूसजवळच्या त्या गावाचं देऊळ माणसांनी भरलं होतं. चैत्रात जोतिबाला जाणाऱ्या सासनकाठीचा, देवाच्या उंच निशाणाचा, मान कुणाचा, यावरून दोन आळ्या हमरीतुमरीवर आल्या होत्या. आजवर मान वरच्या आळीचा, म्हणजे समीक्षाच्याच घरचा. यंदा तर तिचा भाऊ विश्वजित पहिल्यांदा काठीला खांदा देणार होता. त्यासाठी त्यानं पलटणीत हातापाया पडून रजा मिळवली होती.

आणि नेमकं आत्ताच खालच्या आळीच्या लालासाहेबांना नेटवर हे पान सापडलं. प्लेगात खालची आळी गाव सोडून रानात राहायला गेली, जाताना काठी वरच्या आळीकडे सांभाळायला दिली, ती परत मिळालीच नाही, असं त्यात लिहिलेलं.

नेटवरचं काय खरं मानायचं आणि काय नाही, हे समीक्षा सांगलीच्या कॉलेजात मुलांना शिकवायची. आपल्याच घरचा मामला म्हणून पान पारखायला ती पंचांना आधी नको म्हणाली होती. पण “शिकल्याली पोर हाय, खोटं बोलायची न्हाई,” असं खुद्द लालासाहेबच म्हणाले.

“आवं लालाकाका, कुणी लिवलंय, त्याला कसं कळलं, हे बघावं लागतं. लिवून फायदा कुणाचा, हेबी. हितं फायदा मातुर तुमच्याच आळीचा दिसतोय.”

“आन् फोटू?”

पानावर काठीच्या पितळी कड्याचा फोटो होता. कड्यावर लालासाहेबांच्या खापरपणजोबांचं ‘गुंडा’ हे नाव कोरलेलं.

“काठी वरीसभर आमच्या घरात. कड्यावरचं कापड पाडव्याला माझं आबा एकटंच सोडत्यात, धुत्यात, पुन्ना बांधत्यात. मलाबी कवा बघू दिलं न्हाई. तुमच्यातल्या कुणी बघितलंय?”

कुणीच बघितलं नव्हतं.

“मग फोटू काढला कुणी? बनवल्याला हाय.”

“वाटलं, मरायच्या आदी एकदा काठीला खांदा लागंल,” लालासाहेब पुटपुटले आणि पटका सावरत उठले. समीक्षाला वाईट वाटलं. पण जे पारखून टिकत नाही ते आपल्या माणसासाठी खरं मानायचं नाही आणि परक्यासाठीही नाही, हे तिचं ठरलेलं होतं. मान वरच्या आळीकडेच राहिला.

तिचे वडील नाथाजी, ज्यांना ती आबा म्हणे, फौजेत कारकुनी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सभाभर ते मागं खांबाला टेकून बसले होते. भावकीनं लेकीचं कौतुक करत पाठ थोपटली, तरी हसले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, “समे, ते पान खोटं कशावरनं गं?”

“नाव न्हाई की त्याला. ज्याला खरं सांगायचंय, तो तोंड कशाला लपवंल?”

“भावकीला भिऊन लपवत आसंल.”

“मग तसलं भित्रं खरं कोण मानंल, आबा? त्यानं नाव टाकलं आसतं, तर मी सोता लालाकाकांच्या बाजूनं उभी ऱ्हायले आसते.”

“विश्वजितची रजा फुकट गेली आसती तरी?”

“व्हय. तरी.”

आबांनी आतल्या खोलीतल्या काठीकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाइलवर एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. विश्वजितला निकाल कळवत असतील, असं समजून ती चहा ठेवायला गेली.

कप घेऊन आली, तेव्हा आबांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. पान तेच होतं. फक्त तळाला एक नवी ओळ आली होती : ‘लिहिणार – सुभेदार नाथाजी, वरची आळी.’