दर रविवारी दोन हात

साल १९९४, फेब्रुवारी. भूकंपाला पाच महिने होत आले होते. गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं आणि इंदूबाईंची चौथी लिंबाखाली भरत होती. पुढच्या रविवारी स्कॉलरशिपची परीक्षा होती. बाईंनी सात मुलांचे फॉर्म भरले होते. पण केंद्र होतं औशाच्या शाळेत, आणि तिला होता स्लॅब. ही मुलं पत्र्याखाली निजत. स्लॅब दिसला की मात्र दारातच पाय रोवत.

उपाय काढला तो कहकशांनं. लातुरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या जिलानींची ही मुलगी, बारावी सायन्सला. दिवाळीपासून दर रविवारी मांडीवर पेटी घेऊन ती एस.टी.नं यायची आणि मुलांकडून चालीवर पाढे म्हणून घ्यायची. दर खेपेला पेटी दोन हात पुढं ठेवायची, सोसायटीच्या गोदामाच्या दिशेनं. गावात स्लॅबचं तेवढंच उभं राहिलेलं.

“कामून गं पोरी, पेटी काय गोगलगाय हाय का?” म्हातारी कोंडाबाई शेडच्या दारातून विचारायची.

“सरकू द्या की आजी. तिला कुठं एस.टी. धरायचीय?”

परीक्षेच्या आदल्या रविवारी पेटी गोदामाच्या आत गेली.

इंदूबाई हजेरी घेऊन लिंबाखाली उभ्या होत्या. “आज तुझी टेस्ट होती ना गं?” त्यांनी कहकशांला विचारलं. तिच्या लातूरच्या क्लासमध्ये मार्कांप्रमाणे बाक मिळायचे. गैरहजर राहिलं की शेवटचा.

“होती की, बाई. आता बसवतील शेवटच्या बाकावर. पंखा तिथंच हाय.”

भाता हलला. सतरा एके सतरा. एक मूल उंबऱ्यापलीकडं गेलं. सतरा दुणे चौतीस. दुसरं, तिसरं. सतरा त्रिक एक्कावन्नला सहा जणं आत होती. सातवी कस्तुरा, कोंडाबाईची नात, उंबऱ्याबाहेर. गणितात सगळ्यांत हुशार तीच. भूकंपात तिची आई गेली होती.

“ये ना, कस्तू.”

“न्हाई.”

“काही होत न्हाई गं. मी हाय ना आत.”

कस्तुरानं तिच्याकडं नीट बघितलं. “तुम्ही कुठं आत हायत, ताई? तुम्ही तर दाराला चिकटून बसल्या. तोंडबी दाराकडंच.”

पेटी थांबली. बाईंना वाटलं, कहकशां आता रागवेल, नाहीतर हसण्यावारी नेईल.

ती उठली. पेटी उचलून थेट पार मागच्या भिंतीपाशी गेली आणि दाराकडं पाठ करून बसली. पुन्हा सतरा एके सुरू झालं. पण दोन सूर चुकले. तिसरा लागलाच नाही.

कस्तुरा ते ऐकत होती. मग ती उंबरा ओलांडून सरळ आत गेली आणि कहकशांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“वाजवा, ताई. मी हाय की.”

सतराचा पाढा त्या दिवशी तीनदा म्हटला गेला. तिसऱ्यांदा संपला तेव्हा इंदूबाईंच्या लक्षात आलं, पाच महिन्यांत आपणही कधी त्या गोदामात पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन मुलांची हजेरी घेतली.

सातही मुलं परीक्षेला बसली. स्कॉलरशिप दोघांना मिळाली, त्यांत कस्तुरा होती. कहकशांचं मेडिकल थोडक्यात हुकलं. ती बी.एस्सी. झाली आणि नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. तिच्या हाताखालून पुढं किती डॉक्टर झाले, याचा हिशेब तिनं कधी सांगितला नाही. इंदूबाई अहमदपूरहून निवृत्त झाल्या. कोंडाबाईला सरकारनं पक्कं घर दिलं, पण ती मरेपर्यंत त्यात निजली नाही. अंगणात बाज टाकायची. कस्तुरा अभ्यास घरात करायची. निजायला मात्र बाहेर यायची, आजीच्या बाजेला बाज लावून.