खाटेजवळचा भोंगा

बऱ्या न होणाऱ्या दुखणाइतांच्या शुश्रूषागृहात सरकारी तपासनीस बाई न कळवता आल्या, तेव्हा मेट्रन लगबगीने त्यांच्यामागे चालू लागली. शुश्रूषागृहाचा परवाना बाईंच्याच हातात होता. खिडकीजवळच्या खाटेशी त्या थबकल्या. “बेलच्या जागी हा बसचा भोंगा? नियमात बसत नाही.” मेट्रन पुढे झाली. “आजोबा ड्रायव्हर होते, मॅडम. बटण बोटांना सापडत नाही, भोंग्याचा रबरी फुगा मात्र हात आपसूक दाबतो.” “आणि इतरांची झोपमोड?” “वाजू द्या हो!” शेजारच्या खाटेवरचे मास्तर म्हणाले. “वाजला की कळतं, गडी अजून रस्त्यावर आहे.” तेवढ्यात आजोबांनी फुगा दाबला. पोंऽऽ! नर्स धावली, स्वयंपाकीण पिठाच्या हातांनी धावली. मेट्रनची मान ताठ झाली. “काय हवंय, आजोबा?” बाई वाकल्या. “काही नाही. वळण होतं.” बाईंनी फाइल मिटली. “वळणावर भोंगा वाजवायचा, हा नियमच आहे.”