कपाटावरचं नाव

सरकार बदललं आणि सरकारी तेल कंपनीतून त्याला फोन आला. "या मोसमापासून आपली रेसिंग कार मंत्र्यांचे जावई चालवतील. तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, गॅरेजमध्ये काहीतरी बघू." मागच्याच शर्यतीत तो पहिला आला होता, पण ते सांगायचं कुणाला?

तो गॅरेजमधलं ड्रायव्हरचं कपाट रिकामं करायला लागला. म्हातारे मेकॅनिक काका कपाटाच्या दारावरचा त्याच्या नावाचा स्टिकर सोलायला हेअर ड्रायर घेऊन आले.

"काका, आजचा दिवस तरी राहू द्या."

"वरून हुकूम आहे रे. माझ्या हातात काय आहे?"

गरम हवेने स्टिकर सुटला. खाली आधीच्या ड्रायव्हरचं नाव होतं. तोही स्टिकर निघाला, तर त्याखाली आणखी एक, पिवळा पडलेला. ते नाव वाचून त्याने काकांकडे पाहिलं. इतकी वर्षं तो ज्यांच्याकडून टायर बदलून घेत होता, त्यांचंच ते नाव होतं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत, काका."

काकांनी ड्रायर त्याच्या हातात दिला.



"धर. मलाही त्यांनी वाऱ्यावर सोडलं नव्हतं."